साताऱ्यातला एकेका मुलाचा वाचनवर्ग: चार तारे, पाचवा पाटी आल्यावर

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, सातारा डेपो. लिहायची सवय म्हणजे वेबिल, गाडीतल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद लिहायची, त्यामुळे हा अभिप्राय लांबला तर सांभाळून घ्या. सून म्हणाली, "आबा, 'छान आहे' एवढं लिहा आणि पाच तारे द्या की." पण नुसतं "छान आहे" वाचून मी स्वतः एकदा नऊ हजाराला बुडालोय. म्हणून सविस्तर.

वर्ग पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर, एका घराच्या वरच्या खोलीत. बाहेर पाटी नाही. बाईंचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "आबा, कुठं टाकू नका, आधीच यादी लांब आहे." तरी लिहितोय ते एवढ्यासाठी, की असं शिकवणारं माणूस तुमच्याही गावात असेल, तर ते ओळखायचं कसं हे कळावं.

आमचा नातू तेव्हा तिसरीत. घरात सगळ्यांची समजूत होती की पोरगं वाचतंय. पुस्तक उघडून बोट फिरवत धडा म्हणायचा, कविता तर खडाखड. एक दिवस त्याला घेऊन स्टँडवर गेलो. आमचा जुना खेळ आहे, कुठली गाडी कुठं चालली ते त्यानं सांगायचं. फलाटाकडं बघून म्हणाला, "फलटण." गाडी होती लोणंदची. त्या दिवशी फलाट बदलला होता. म्हणजे पोरगं इतके दिवस फलाट बघून गाव सांगत होतं, पाटी वाचतच नव्हतं! मी घरी येऊन पुस्तक मधूनच उघडलं, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे काय? माझ्या तोंडाकडं बघत बसला. पहिल्या ओळीपासून सुरू करू दे म्हणाला.

शाळेत गेलो. शिक्षिका चांगल्या आहेत, पण वर्गात चाळीसच्या वर पोरं. "घरी सराव घ्या," म्हणाल्या. निपुण भारतचा तक्ता भिंतीला लावला होता. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारनं ते सुरू केलंय, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे असं त्यात आहे. आमचे साहेब तिसरीतच होते आणि दिवाळी तोंडावर आली होती.

मग ते नऊ हजार. शहरातला एक चकचकीत वर्ग. रंगीत पेटी, त्यात कार्डं, स्टिकर, सीडी (आता सीडी लावायची कशात?). सोमवारी सगळ्यांचं पान बारा, बुधवारी सगळ्यांचं पान तेरा. कुणाला बारा आलं का नाही, विचारायची पद्धत नाही. तीन महिन्यांनी प्रमाणपत्र मिळालं, गळ्यात रिबिनीचं पदक. 'दिवस' हा शब्द तेव्हाही येत नव्हता. त्यानंतर मुलानं फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं, पोरानं वाचायचं आणि फोननं ऐकायचं. आठवडाभरात पंचवीस गोष्टींना चांदण्या. मला कौतुक. नंतर ध्यानात आलं, अ‍ॅप आधी गोष्ट वाचून दाखवत होतं आणि हा पाठ करून परत म्हणत होता. पाठांतराला याचा हात कोण धरणार!

तर बाईंकडं. जायच्या आधी फोन करावा लागतो, आणि आम्हाला दोन महिने थांबावं लागलं. पहिल्या दिवशी फी, वेळ, काही बोलल्या नाहीत. पहिला प्रश्न, "डोळे तपासलेत? कान?" मला जरा राग आला. पोराला काय झालंय डोळ्यांना? पण तपासल्याशिवाय सुरू करणार नाही म्हणाल्या. गेलो. डोळ्यांचा नंबर शून्य, कान ठणठणीत, चारशे रुपये गेले. परत आल्यावर म्हणालो, "बघा, काही नव्हतं." त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता तो विषय संपला." त्यांच्याकडं म्हणे एक मुलगी दोन वर्षं 'ढ' म्हणून शिक्के खात होती आणि तिला फळ्यावरचं दिसतच नव्हतं.

मग चाचणी. नातवाला टेबलापाशी बसवलं आणि मला कोपऱ्यात, त्याच्या मागं, भिंतीकडं तोंड करून. का, तर "आबा, तुमचे ओठ हलतात." खरं होतं. तो अडला की मी आपोआप शब्द पुरवत होतो, आणि तो माझ्या ओठांवर वाचत होता.

एका कागदावर सुटी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा सोपा उतारा, मग गोष्ट. असा कागद मी आधी पाहिला होता. 'प्रथम' नावाच्या संस्थेची 'असर' पाहणी, खेड्यातल्या पोरांना वाचता येतं का ते बघायची, 2005 साली सुरू झाली. तिची पोरं एकदा आमच्या गावात घरोघर फिरली होती, त्यांच्याकडं असाच होता. त्यात मूल अक्षरावर आहे, शब्दावर आहे, परिच्छेदावर का गोष्टीवर, एवढं ठरतं. बाई तिथं थांबल्या नाहीत. पोरगं शब्दावर आहे हे कळल्यावर कुठल्या शब्दावर, त्याच्या शोधाला लागल्या. मी मान वळवून वही बघितली. एका बाजूला छापलेला शब्द, दुसऱ्या बाजूला हा जे बोलला ते, जसंच्या तसं. मार्क एकही नाही. अगदी वेबिल. कुठल्या थांब्याला किती चढले, किती उतरले, कुठलं तिकीट कुठं फाटलं. वेबिल नीट असलं की चेकरला गाडीत न बसता कळतं कुठं गडबड आहे.

त्या वहीत 'दहिवडी'समोर लिहिलं होतं 'दिहवडी'. 'मार्गे'समोर 'मागेर'.

बाई म्हणाल्या, "हा तिसरीत आहे हे मी आता विसरणार, तुम्ही पण विसरा. अक्षरं येतात, काना येतो, मात्रा येते. घ-ध आणि भ-म मध्ये अजून घोळ आहे, तो जाईल. गाडी बंद पडते ती ऱ्हस्व वेलांटीपाशी आणि रफारापाशी. ते दोन्ही लिहितात एकीकडं आणि बोलतात दुसरीकडं. तिथून पुढं तो अंदाजानं ओढतो, आणि अंदाज चांगला आहे म्हणून तुम्हाला कळत नाही." पाऊण तासात एवढं. शाळा, पेटी, फोन आणि मी, चौघांना मिळून वर्षभरात हे कळलं नव्हतं.

नंतर विचारलं, "ह्याला काय आवडतं?" मी जरा लाजतच म्हटलं, एसटी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, साताऱ्याहून गाड्या जातात त्या गावांची नावं लिहून आणा. आता हे काम माझ्या हातचं! रात्री बसून साठाच्या वर नावं लिहिली. बाईंनी एकेक नाव चिठ्ठीवर घेतलं आणि टेबलावर ढीग लावले. पहिल्या ढिगात एकटं फलटण, माझ्या यादीतलं काना-मात्रा काही नसलेलं गाव तेवढंच. दुसऱ्यात नुसत्या कान्याची, कराड, पाटण, वाठार, पाचवड. तिसऱ्यात कोरेगाव, मेढा, वडूज. चौथ्यात वेलांटीवाली, दहिवडी, शिरवळ, रहिमतपूर. मग टिंबाची, लोणंद, खंडाळा. आणि सगळ्यात खाली आदर्की, उंब्रज, म्हसवड, महाबळेश्वर. म्हसवड मी सोपं धरलं होतं. 31 वर्षं त्या गावाची तिकिटं फाडली, पण त्यात जोडाक्षर आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

पहिले तीन ढीग दोन दिवसांत उडाले. बाईंनी तिथं वेळ घालवला नाही, येतं ते परत कशाला गिरवायचं. चौथ्या ढिगावर सहा आठवडे. सहा! मला दुसऱ्याच आठवड्यात वाटायला लागलं, पैसे जातायत. पण त्या सहा आठवड्यांत काय केलं ते सांगतो, कारण सगळ्या वर्गाचं सार तिथं आहे.

'दहिवडी' असं छापलेलं बघा. वेलांटीची दांडी ह च्या आधी, म्हणजे द च्या अंगाला येते. डावीकडून वाचत आलेल्या पोराच्या डोळ्यांना ती द ची वाटते. म्हणून 'दिहवडी'. त्याची चूक शहाणपणाचीच होती, आपण ते वाकडं लिहितो त्याला तो काय करणार! बाईंनी चिठ्ठीवर 'हि' एवढाच तुकडा लाल केला, बाकी काळं. मग दोन चिठ्ठ्या, एकीवर दांडी, एकीवर ह, आणि त्याच्या हातानं चिकटवायला लावलं. मी भिंतीकडं तोंड करून ऐकत होतो, राहवलं नाही. म्हटलं, "आरं, ती वेलांटी म्हणजे रिझर्वेशनवाला. सीट त्यानं आधीच पुढची धरलीय, पण माणूस मागनं चढतो." पोरगं खुदकन हसलं. मला वाटलं बाई आता बाहेर काढतात. त्यांनी वही उघडली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. त्या दिवसापासून माझी खुर्ची भिंतीकडून टेबलाकडं फिरली.

रफाराला मग मीच पुढं झालो. आमच्याकडं एक पत्र्याची पाटी होती, भंगारवाल्याकडून साठ रुपयांना घेतलेली. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत 'सातारा–फलटण मार्गे वाठार'. ती वर्गात नेली. 'मार्गे'तला र टपावर बसलाय. टपावरचा पॅसेंजर आधी चढलेला असतो, म्हणून तिकीट त्याचं आधी, ग चं नंतर. 'आदर्की'तही तेच. एसटीच्या पाटीवर 'मार्गे' हा शब्द जागोजागी असतो, म्हणजे पोराला स्टँडवर फुकटचा सराव. बाई पुस्तकातला रफार त्यानंतर घ्यायला लागल्या, सूर्य, पर्वत, वर्ग. आधी आपलं, मग पुस्तकाचं.

एक गोष्ट त्या पाटीनं उघडी पाडली. पाटीवर 'फलटण' आला, फोनवर अडला. मी म्हटलं, आता काय नवीन? बाईंनी फोन आणि पाटी शेजारी ठेवली. पाठ्यपुस्तकात आणि जुन्या पाट्यांवर आपला पाकळ्यांचा ल असतो, दोन गोल पाकळ्यांचा. फोनवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा, दांडीचा ल येतो. श चंही तसंच. आपल्याला सवयीनं फरक दिसत नाही. ज्याला अक्षरं नुकतीच बसतायत त्याला ती दोन वेगळी अक्षरं. म्हणजे अ‍ॅपवर पोरगं निम्म्या वेळा अक्षराशी भांडत होतं आणि आम्ही म्हणत होतो लक्ष नाही. काही नव्या गाड्यांच्या दिव्यांच्या पाट्यांवरही मला हाच दांडीचा ल दिसलाय. पोरांना शिकवणारा कुणी वाचत असेल तर एवढं आजच तपासा.

शनिवारी चार पोरं एकत्र असतात, तासभर. तिथं मला कळलं की माझ्या नातवाचं औषध शेजारच्याला चालत नाही. एक चौथीतली मुलगी आहे, वाचायला लागली की विनाथांबा गाडी, धडाधड शेवटच्या स्टॉपला. शब्द एक चुकत नाही. काय वाचलंस विचारलं की गप्प. तिला वेलांटी-रफार काय कामाचे? बाई तिच्या पानावर पोस्टकार्ड ठेवतात, दोन ओळी दिसू देतात आणि विचारतात, पुढं काय होईल. तिनं सांगायचं, मग कार्ड सरकवायचं. चुकलं तरी चालतं, सांगायचं मात्र. दुसरा एक मुलगा रस्त्याच्या कामावर आलेल्या बंजारा कुटुंबातला. घरी गोरमाटी बोलतात. त्याला मराठी अक्षरं वाचता येत होती, अर्थ कळत नव्हता, आणि शाळेत त्याला परत अ-आ-इ ला बसवलं होतं. बाई त्याच्याकडून त्याच्याच गोष्टी वदवून घेतात. तांड्यावर काय झालं, म्हैस कुठं पळाली. तो अर्धं मराठी अर्धं आपलं बोलतो, त्या तसंच मोठ्या अक्षरांत लिहितात, आईला 'याडी' म्हणाला की 'याडी'च. मग तेच त्याचं वाचनाचं पुस्तक. स्वतःचं बोलणं वाचताना त्याचा चेहरा बघायला मी दोन शनिवार मुद्दाम लवकर गेलो.

चौथा मोठा आहे, आठवीत, त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखन अडायची अडचण, आहे असं तपासून कागद मिळालेला. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात ही अडचण धरलेली आहे, परीक्षेत सवलती मिळतात. बाई त्याच्या आईला माझ्यासमोर म्हणाल्या, "मी त्याला गोष्टी वाचायला बसवते, पण तेवढ्यानं भागणार नाही. पुण्यातल्या विशेष शिक्षिकेकडं जाणं बंद करू नका." आपलं येत नाही ते येत नाही म्हणणारं माणूस. मी भीत भीत विचारलं, आमच्यालाही तेच असेल का? म्हणाल्या, आठ वर्षं पुरी व्हायच्या आत तो कागद देतही नाहीत. आधी नीट शिकवून बघू, तरी अडलं तर मीच तुम्हाला पाठवीन. आमच्यावर ती वेळ आली नाही.

घरी वाचायला पुस्तकं कुठली, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. प्रथम बुक्सची स्टोरीविव्हर नावाची वेबसाइट आहे, 2015 पासून. मराठी गोष्टी फुकट, आणि एक ते चार अशा पातळ्या लावलेल्या. डाउनलोड करून छापता येतात. मी झेरॉक्सवाल्याकडून काळ्या-पांढऱ्यात काढतो. बाईंचा नियम असा की पानावर पाचापेक्षा जास्त ठिकाणी अडला तर ती गोष्ट बाजूला, खालच्या पातळीची घ्या, आणि त्याबद्दल बोलू नका. "एवढं पण येत नाही?" म्हटलेलं त्यांना खपत नाही. माझ्या तोंडून एकदा गेलं, तर पोरासमोर मला झापलं. बाकीच्या आज्या-आजोबांनी तयारीनं जावं.

आता तक्रारी. जिना अंधारा आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यानं विचार करावा. गाडी लावायला जागा नाही. फी महिना 1,200, मंगळवारी आणि शुक्रवारी चाळीस मिनिटं आणि शनिवारचा तास धरून. महाग नाही, पण महिन्याच्या सुरुवातीला द्यावी लागते आणि तुम्ही बुडवलेला वार भरून मिळत नाही. मे महिना पूर्ण बंद. प्रगतीपुस्तक नाही, प्रमाणपत्र नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काही कळवत नाहीत. सुनेला याचा फार त्रास झाला. ती वही तुम्ही तिथं जाऊन बघायची, फोटो काढू देत नाहीत. शुद्धलेखन यात येत नाही. आमचे साहेब 'मार्गे' झकास वाचतात आणि अजून 'मारगे' लिहितात. ते वेगळं काम आहे, नंतर या, म्हणाल्या. इंग्रजी तर नाहीच.

आणि सात महिन्यांनी एका शुक्रवारी त्यांनी सांगितलं, "आबा, पुढच्या महिन्यापासून येऊ नका." मी हबकलोच. आम्ही काय केलं? "काही नाही, आता तो आपला आपण वाचतो. त्याची जागा मला दुसऱ्याला द्यायचीय." पैसे द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान मी पहिल्यांदा बघितलं. नातू रडला नाही, मलाच जरा कसंतरी झालं. मंगळवारी दुपारी आता करायचं काय?

हल्ली आम्ही स्टँडवरच जातो. परवा रहिमतपूरची गाडी फलाट सोडून वळत होती. पाटी पुरती दिसायच्या आत यानं वाचलं आणि मला म्हणाला, "आबा, तुमचा रिझर्वेशनवाला चढला."

चार तारे. पाचवा राखून ठेवलाय. माझी ती पत्र्याची पाटी बाईंनी "दुसऱ्या एका मुलासाठी, आठवडाभर" म्हणून ठेवून घेतली, त्याला आता तीन महिने झाले. फोन केला की म्हणतात, "अजून त्याचा 'मार्गे' व्हायचाय." पाटी आली की तारा देतो.